पंख्यासमोर पंखा: टॉर्क कन्व्हर्टर कसा सुधारत गेला

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. लोकलमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठीही. बोललो तसंच ठेवलंय, फक्त नावं आणि सालं नीट लिहून काढलीत.

गाडी घ्यायचा विचार चालू असेल तर तुम्ही यूट्यूबवर रिव्ह्यू बघितलेच असतील. ऑटोमॅटिक म्हटलं की चार नावं येतात: एएमटी, सीव्हीटी, डीसीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर. पहिल्या तिघांबद्दल रिव्ह्यूवाला भरभरून बोलतो. चौथ्यावर आला की म्हणतो, "हा जुना, भरवशाचा, स्मूथ, पण मायलेज थोडं कमी." बस्स. पुढची गाडी.

आज आपण त्या "जुना, भरवशाचा" या दोन शब्दांच्या मागे जाणार आहोत. या यंत्राचं पेटंट १९०५ सालचं आहे. म्हणजे १२० वर्षं झाली. आणि त्या "मायलेज थोडं कमी"वरचा उपाय १९४९ साली बाजारात आला होता. पुढे काही वर्षांत तो गायब झाला आणि १९७८ ला परत आला. चांगली सुधारणा हातात असताना लोकांनी ती बाजूला का ठेवली? हा प्रश्न डोक्यात ठेवा, आपण त्याच्यापर्यंत येतोय.

आधी थोडं यंत्र समजून घेऊ

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. घट्ट बसलेला नट छोट्या पान्याने हलत नाही, पण पान्याला लांब पाइप लावला की सुटतो. तुमच्या हाताची ताकद तीच, नटावरचा पीळ वाढला. मोबदल्यात हात जास्त फिरवावा लागला. गिअर हेच करतो: वेग घेतो, जोर देतो.

आता दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसऱ्याचं बटण बंदच ठेवा. काय होईल? पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती हळूहळू फिरू लागतील. दोघांमध्ये कुठलाही दांडा नाही, दात नाहीत, तरी जोर पोचला. आता हवेऐवजी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात एकमेकांना चिकटून बसवा. झालं फ्लुइड कपलिंग! इंजिनाच्या बाजूचा पंखा म्हणजे इम्पेलर, चाकांच्या बाजूचा टर्बाइन. तुम्ही दुसरा पंखा हाताने धरून ठेवला तरी पहिला फिरत राहतो. म्हणूनच सिग्नलला गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही आणि क्लच दाबावा लागत नाही.

पण या साध्या जोडीत एक मर्यादा आहे. जेवढा टॉर्क आत गेला तेवढाच बाहेर येतो, वाढत नाही. कारण टर्बाइनमधून परत येणारं तेल उलट्या दिशेने फिरत असतं आणि इम्पेलरच्या पात्यांवर विरुद्ध बाजूने आदळतं. मग मधे तिसरा, न फिरणारा पंखा बसवला तर? त्याची पाती वाकडी करून परत येणाऱ्या तेलाची दिशाच बदलली तर? तेल आता इम्पेलरला अडवत नाही, उलट त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच आत येतं. तेलाला वळवताना या तिसऱ्या पंख्यावर जोर येतो. तो डब्याला घट्ट बांधलेला असल्यामुळे हलत नाही, आणि तेवढाच जोर टर्बाइनच्या खात्यात जमा होतो. या तिसऱ्याचं नाव स्टेटर. कपलिंगमध्ये स्टेटर आला की टॉर्क कन्व्हर्टर तयार. कारमध्ये गाडी जागेवरून हलताना तो इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट करतो, काही गाड्यांत त्याहून थोडा जास्त.

गोष्ट सुरू होते समुद्रावर

कार डोळ्यांसमोर ठेवून हे कुणी शोधलं असेल असं वाटतं ना? तसं नाहीये. शोध जहाजांसाठी लागला.

१८९७ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्सने आपली टर्बिनिया ही छोटी बोट राणी व्हिक्टोरियाच्या नौदल संचलनात घुसवली आणि ३० नॉटच्या वर वेगाने पळवून सगळ्यांना थक्क केलं. तिच्यात वाफेचं टर्बाइन होतं. तेव्हापासून सगळ्या देशांच्या नौदलांना टर्बाइन हवं झालं. पण एक अडचण होती. टर्बाइनला खूप जोरात फिरायला आवडतं, आणि जहाजाच्या मोठ्या पंख्याला सावकाश. पंखा फार जोरात फिरवला तर पाण्यात बुडबुड्यांचा फेस होतो आणि जोर वाया जातो. दोघांच्या मधे काहीतरी हवं होतं. गिअर? हजारो अश्वशक्ती पेलतील असे अचूक दात त्या काळी कापता येत नव्हते. मग जनरेटर आणि मोटर? तोही पर्याय होता, पण जड आणि महाग.

जर्मनीत स्टेटिन नावाचं बंदर होतं, आज ते पोलंडमध्ये आहे, श्चेचिन. तिथल्या व्हल्कन जहाज कारखान्यात हेरमान फ्योटिंगर नावाचा तरुण इंजिनिअर होता. १८७७ चा जन्म, म्हणजे १९०५ मध्ये वय २८. त्याने विचार केला: टर्बाइनने पंप फिरवू, पंपाने पाणी ढकलू, त्या पाण्याने दुसरं जलटर्बाइन फिरवू. पंप आणि जलटर्बाइन, दोन्ही ओळखीची यंत्रं. पण हिशोब करून बघा. पंपाची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, जलटर्बाइनची ८५, तर दोन्ही मिळून ७२ टक्के. त्यात मधल्या पाइपांचं, वळणांचं नुकसान आलं की आणखी खाली. जवळजवळ एक तृतीयांश वाफ वाया. कोण वापरणार?

फ्योटिंगरची खरी हुशारी पुढच्या पायरीत आहे. त्याने मधले पाइपच काढून टाकले. पंपाची पाती, टर्बाइनची पाती आणि दिशा बदलणारी स्थिर पाती, सगळी एकाच गोल डब्यात, एकमेकांना अगदी लागून बसवली. पाणी एका पात्यातून निघालं की लगेच दुसऱ्यात. नुकसान एकदम घटलं. २४ जून १९०५ ला त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आज जगातल्या सगळ्या टॉर्क कन्व्हर्टरचा आणि फ्लुइड कपलिंगचा पूर्वज तोच.

कोनिगिन लुइझं आणि एक मोठं जहाज

१९०९ मध्ये या यंत्राची एका चाचणी बोटीवर परीक्षा झाली. १९१३ ला हॅम्बुर्गहून हेल्गोलँड बेटावर सहलीला जाणाऱ्यांसाठी कोनिगिन लुइझं हे प्रवासी जहाज तयार झालं, त्यात फ्योटिंगरचे ट्रान्सफॉर्मर होते. हो, तेव्हा त्यांना ट्रान्सफॉर्मरच म्हणायचे. वाफेचं टर्बाइन उलटं फिरत नाही, म्हणून जहाज मागे न्यायला पात्यांचा वेगळा डबा असे. ज्या दिशेला जायचं त्या डब्यात पाणी भरायचं, दुसरा रिकामा करायचा. बस्स, गिअर बदलला!

या जहाजाचं आयुष्य फार नव्हतं. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. सहलीच्या या बोटीत पाणसुरुंग भरून तिला इंग्लंडच्या किनाऱ्याकडे पाठवलं. ५ ऑगस्टला ब्रिटिश युद्धनौकांनी तिला गाठून बुडवलं. त्या युद्धात जर्मन नौदलाने गमावलेलं ते पहिलं जहाज. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच पेरलेल्या सुरुंगावर ब्रिटिशांची अँफियन ही क्रूझर आदळून बुडाली. मेलेल्यांत आदल्या दिवशी पाण्यातून वाचवून त्याच नौकेवर ठेवलेले जर्मन खलाशीही होते.

दुसरं जहाज जास्त नशीबवान. व्हल्कननेच बांधलेलं, आधी टिर्पिट्झ नावाचं. युद्धानंतर भरपाई म्हणून ते ब्रिटनकडे गेलं आणि कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने त्याचं नाव ठेवलं एम्प्रेस ऑफ ऑस्ट्रेलिया. १ सप्टेंबर १९२३ ला जपानमधल्या योकोहामाच्या धक्क्यावरून ते सुटायच्या बेतात होतं आणि तेवढ्यात तो भयानक भूकंप झाला. शहर पेटलं. या जहाजाने हजारो लोकांना आसरा दिला. पण धंद्याच्या दृष्टीने जहाज निराशाच करत होतं. वेग अपेक्षेपेक्षा कमी, इंधन जास्त. शेवटी १९२६-२७ मध्ये फ्योटिंगरचे ट्रान्सफॉर्मर काढून गिअरवाली टर्बाइन बसवली. जहाज वेगवान झालं, इंधनही वाचलं.

म्हणजे काय झालं? पार्सन्सने १९०९ मध्येच व्हेस्पेशियन नावाच्या जुन्या मालवाहू जहाजावर गिअर लावून दाखवले होते. दात कापण्याची यंत्रं सुधारली आणि गिअरमधलं नुकसान अगदी एक-दोन टक्क्यांवर आलं. पाण्याच्या डब्यात दहा टक्के किंवा जास्त जात होते. जहाज महिनोन् महिने एकाच वेगाने चालतं. तिथे हे दहा टक्के रोज मोजून द्यावे लागतात. समुद्रावर हा सामना गिअरने जिंकला.

मग हे यंत्र मेलं का नाही? कारण रस्त्यावर गरज वेगळी होती. शहरातली बस दर दोन मिनिटांनी थांबते. तिथे एकाच वेगाचा प्रश्नच नाही, तिथे प्रश्न आहे सुरुवातीच्या धक्क्याचा.

लंडनच्या बसमधले धक्के

१९२० च्या दशकात लंडनच्या बस क्लच सोडताना प्रवाशांना गदागदा हलवायच्या. हॅरल्ड सिंक्लेअर या इंजिनिअरने फ्योटिंगरच्या यंत्रातलं स्टेटर काढलेलं सोपं रूप, म्हणजे फ्लुइड कपलिंग, बसमध्ये आणायचा विचार मांडला. १९३० मध्ये ब्रिटनच्या डेमलर कंपनीने ते गाड्यांमध्ये फ्लुइड फ्लायव्हील म्हणून आणलं. त्याच्या जोडीला वॉल्टर विल्सनचा प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स. हा विल्सन म्हणजे पहिल्या महायुद्धातला रणगाडा तयार करणाऱ्यांपैकी एक. ड्रायव्हर पुढचा गिअर आधीच निवडून ठेवायचा आणि हवा तेव्हा पेडल दाबून तो लागू करायचा. धक्का तेलात विरून जायचा. पुढे कित्येक वर्षं लंडनच्या डबलडेकरमध्ये हीच जोडी होती.

स्वीडनचा आल्फ लिझहोम दुसऱ्या वाटेने गेला. त्याच्या कन्व्हर्टरमध्ये टर्बाइनच्या एकामागे एक अशा तीन रांगा होत्या. ब्रिटनच्या लेलंडने १९३० च्या दशकात तो बसमध्ये बसवला आणि जाहिरातीत शब्द वापरला "गिअरलेस". चढावर छान, पण वेग वाढला की कन्व्हर्टर तेल तापवत बसायचा, म्हणून ड्रायव्हरला एका दांडीने सरळ जोडणी करावी लागायची.

हे असं का व्हायचं? इथे आपल्या गोष्टीतला सर्वात सुंदर शोध येतो.

सायकलच्या मागच्या चाकातली युक्ती

स्टेटरची पाती एका ठरावीक दिशेने येणाऱ्या तेलासाठी वाकवलेली असतात. गाडी नुकती सुटतेय, टर्बाइन सावकाश फिरतंय, तेव्हा तेल बरोबर त्या दिशेने येतं. जसजसं टर्बाइन इम्पेलरच्या वेगाजवळ पोचतं, तसतशी तेलाची दिशा बदलते. एका टप्प्यावर ते स्टेटरच्या पात्यांच्या पाठीवर आदळू लागतं. आता मदत करणारा तिसरा पंखा चक्क ब्रेक होतो. कार्यक्षमतेचा आलेख काढला तर टेकडीसारखा दिसतो: शून्यापासून चढतो, मधे शिखर, मग खाली.

जर्मनीत कार्ल्सरूह इथे श्पान्हाके, क्लूगे आणि फॉन झांडन या मंडळींनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस यावर उपाय काढला. त्यांच्या गटाचं नाव ट्रिलोक. उपाय असा: स्टेटर डब्याला कायमचा बांधायचाच नाही. त्याला फ्रीव्हीलवर बसवायचं. सायकलचं मागचं चाक आठवा. पेडल पुढे मारलं की पकडतं, मारायचं थांबवलं की टिक टिक करत मोकळं फिरतं. तसंच इथे. तेल स्टेटरला मागे ढकलतंय तोवर फ्रीव्हील त्याला घट्ट धरतं आणि टॉर्क वाढतो. तेल पाठीवर आदळू लागलं की स्टेटर मोकळा सुटतो आणि तेलाबरोबर स्वतःच फिरू लागतो. म्हणजे त्या क्षणी कन्व्हर्टरचं आपोआप साधं कपलिंग होतं. ना दांडी, ना बटण, ना सेन्सर. आलेखाची उतरणारी बाजू कापून टाकली आणि तिथे वर जाणारी रेघ जोडली.

आज रस्त्यावर धावणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या कारमध्ये हीच रचना आहे. जवळजवळ १०० वर्षं झाली, हा भाग बदलावा लागलेला नाही.

रणगाड्यातून ब्यूकमध्ये

आता अमेरिका. १९४० च्या मॉडेलमध्ये ओल्ड्समोबिलने हायड्रामॅटिक आणली. चार गिअर आपोआप बदलणारी, मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली खरी ऑटोमॅटिक. तिच्यात कन्व्हर्टर नव्हता, फक्त फ्लुइड कपलिंग होतं, म्हणून जोर वाढवायचं सगळं काम चार गिअरवर. दुसऱ्या महायुद्धात हायड्रामॅटिक हलक्या रणगाड्यांत गेली. आणि ब्यूकने बांधलेल्या एम-१८ हेलकॅट या वेगवान रणगाडाविरोधी गाडीत टॉर्क कन्व्हर्टर बसला.

युद्ध संपल्यावर ब्यूकने १९४८ मध्ये तोच अनुभव कारमध्ये आणला, नाव डायनाफ्लो. तिच्या कन्व्हर्टरमध्ये तीनऐवजी पाच भाग होते: दोन इम्पेलर, एक टर्बाइन, दोन स्टेटर. सुटताना टॉर्क सव्वादोन पट. आणि नेहमीच्या चालवण्यात गिअर बदलतच नव्हता! सगळं काम तेलावर. प्रवाशाला धक्का शून्य. पण अॅक्सिलरेटर दाबला की आधी इंजिन ओरडायचं आणि गाडी मागून सावकाश यायची. लोकांनी तिला चिडवायला नाव ठेवलं "डायनास्लश", म्हणजे चिखलातून चाललीये असं.

ब्यूकने हार मानली नाही. १९५३ मध्ये दोन टर्बाइन केली. १९५५ मध्ये स्टेटरची पाती फिरती केली, विमानाच्या पंख्यासारखी. सावकाश चालवताना एक कोन, अॅक्सिलरेटर जोरात दाबला की दुसरा. १९५८ मध्ये तीन टर्बाइनपर्यंत मजल गेली. यंत्र कमालीचं गुंतागुंतीचं आणि महाग झालं.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूला क्रायस्लरने १९५६ मध्ये टॉर्कफ्लाइट आणली. साधा तीन भागांचा कन्व्हर्टर आणि मागे तीन गिअर. कन्व्हर्टरने फक्त सुरुवातीचा जोर द्यायचा, बाकी गिअर बघतील. हे स्वस्त होतं, मजबूत होतं आणि पळायचंही चांगलं. १९६० च्या दशकात ब्यूकलाही तिकडेच वळावं लागलं. फिरत्या पात्यांचा स्टेटर तेवढा १९६७ पर्यंत जनरल मोटर्सच्या काही मोठ्या गाड्यांत टिकला, मग तोही गेला.

मला हा भाग फार आवडतो. सुधारणा म्हणजे नेहमी आणखी भाग जोडणं असं आपल्याला वाटतं. इथे वीस वर्षं भाग जोडून झाल्यावर सगळे तीन पंख्यांवर परत आले. खरी सुधारणा झाली ती बनवण्याच्या पद्धतीत. जड ओतीव पात्यांच्या जागी पत्र्याची दाबून काढलेली पाती आली, बोल्टने आवळलेल्या डब्याच्या जागी वेल्डिंग केलेला बंद डबा आला. लाखो गाड्यांना परवडेल असं यंत्र या साध्या गोष्टींमुळे झालं.

कुलूप लागलं, निघालं, परत लागलं

आता सुरुवातीचा प्रश्न. ट्रिलोकमुळे कन्व्हर्टर कपलिंग झाला, ठीक. पण कपलिंगमध्येही टर्बाइन इम्पेलरच्या थोडं मागेच राहतं. राहावंच लागतं, कारण दोघे अगदी सारख्या वेगाने फिरले तर तेल एकातून दुसऱ्यात जाणारच नाही आणि जोर पोचणार नाही. इम्पेलर मिनिटाला २००० फेरे आणि टर्बाइन १९०० असेल तर कार्यक्षमता ९५ टक्के. उरलेले ५ टक्के तेल तापवण्यात गेले. हायवेवर तासन् तास.

यावरचा उपाय अगदी सरळ आहे. वेग आला की इम्पेलरचा डबा आणि टर्बाइन यांच्यात एक क्लच लावून दोघांना एकमेकांना कुलूपबंद करायचं. तेल मधून बाजूला. नुकसान जवळजवळ शून्य. याला म्हणतात लॉक-अप क्लच. पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्ये अल्ट्रामॅटिक ट्रान्समिशनमध्ये तो दिला. पाठोपाठ १९५० मध्ये स्टुडबेकरनेही.

आणि काही वर्षांत दोन्ही संपलं! पॅकार्ड आणि स्टुडबेकर छोट्या कंपन्या, त्या बुडत होत्या हे एक कारण. पण मोठ्यांनी ही कल्पना उचलली का नाही? लॉक-अपला दोन किमती मोजाव्या लागतात. एक म्हणजे जास्तीचा क्लच आणि त्याची नियंत्रणं, म्हणजे पैसे. दुसरी म्हणजे आराम. तेल मधे असताना इंजिनाची थरथर तेलात मुरते. कुलूप लावलं की ती थरथर सरळ प्रवाशाच्या सीटपर्यंत. आणि मिळणार काय? थोडं पेट्रोल. त्या वेळी अमेरिकेत पेट्रोल गॅलनला ३० सेंटच्या आत होतं, म्हणजे पावणेचार लिटरला. गिऱ्हाइकाला मऊ गाडी हवी होती, मायलेज कोण विचारतंय?

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. १९७५ च्या डिसेंबरमध्ये कायदा झाला: कंपनीने विकलेल्या सगळ्या कारचं सरासरी मायलेज ठरावीक आकड्याच्या वर हवं, नाहीतर दंड. पहिला टप्पा १९७८ च्या मॉडेलपासून, गॅलनला १८ मैल. आपल्या भाषेत लिटरला साधारण साडेसात किलोमीटर. फार काही नाही, पण तिथल्या मोठ्या गाड्यांना तेही जड होतं.

आणि क्रायस्लरने लॉक-अप क्लच परत कधी आणला? १९७८ च्या मॉडेलमध्ये. अगदी तेच साल. १९८० च्या दशकात तो सगळीकडे पसरला.

तर मंडळी, त्या २९ वर्षांत भौतिकशास्त्र बदललं नव्हतं. लागणारं पोलाद, रबर, क्लचचं अस्तर, सगळं आधीही होतं. बदललं ते एवढंच की वाया जाणाऱ्या पाच टक्क्यांचं बिल कुणाच्या तरी नावावर फाडलं गेलं. समुद्रावर हे बिल जहाज कंपनीला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, म्हणून तिथे फ्योटिंगरचं यंत्र लवकर हरलं. रस्त्यावर ते लाखो चालकांमध्ये थोडं थोडं वाटलं गेलं होतं, म्हणून कुणाला टोचलं नाही. कायद्याने ते गोळा करून कंपनीच्या टेबलावर ठेवलं आणि सुधारणा सुचायला लागल्या.

थरथरीचं काय केलं?

कुलूप परत आलं, तशी थरथरही परत आली. पुढची चाळीस वर्षं बहुतेक सगळं डोकं त्यावरच खर्च झालंय. सुरुवातीचे लॉक-अप फक्त टॉप गिअरमध्ये, वेग आल्यावरच लागायचे. मग क्लचबरोबर स्प्रिंग बसवल्या, त्या थरथर झेलतात. मग इलेक्ट्रॉनिक्स आलं आणि क्लच पूर्ण आवळण्याऐवजी किंचित घसरता ठेवता येऊ लागला, मिनिटाला काही मोजके फेरे. कुलूप लागलंय असंही आणि नाहीही. त्यासाठी खास तेल लागलं, कारण सतत घसरणारा क्लच थरथरून आवाज करायला लागतो.

डब्याचा आकारही बदलला. पूर्वी कन्व्हर्टर मेदूवड्यासारखा गोलमटोल असायचा. आता तो दाबून चपटा केलाय, कारण मोकळ्या झालेल्या जागेत स्प्रिंगा आणि थरथर झेलणारे पेंडुलम बसवायचे असतात. चांगल्या आधुनिक ऑटोमॅटिकमध्ये गाडी सुटली की थोड्याच वेळात, अगदी खालच्या गिअरमध्येही, कुलूप लागतं. तेलाचं काम उरलं फक्त पहिल्या काही सेकंदांचं. म्हणून "टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे मायलेज कमी" हे वाक्य जुन्या गाडीबद्दल खरं होतं, नव्या गाडीबद्दल दर वेळी खरं असेलच असं नाही. रिव्ह्यू बघताना लॉक-अप कुठल्या गिअरपासून लागतो हे विचारा.

आपल्याकडे

भारतात ऑटोमॅटिक कार उशिरा रुळल्या, पण टॉर्क कन्व्हर्टर त्याच्या फार आधी आला. भारतीय रेल्वेतले इंजिनिअर मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी स्वतःची ट्रान्समिशन तयार केली: सुरुवातीचा जोर तेलातून, वेग आल्यावर सरळ यांत्रिक जोडणी. म्हणजे प्रश्न तोच, तेलातलं नुकसान टाळायचा. १९६२ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. ही सुरी ट्रान्समिशन आपल्या पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिकने बनवली आणि चित्तरंजनच्या कारखान्यातल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंग इंजिनांना ती लागली. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारी ती छोटी इंजिनं. सतत थांबा, ढकला, थांबा. तेलाच्या जोडणीला याहून योग्य काम नाही.

आणि आजचं उदाहरण गावोगावी आहे, जेसीबी. बॅकहो लोडरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो. बकेट मुरुमाच्या ढिगात घुसते, मशीन जागच्या जागी अडतं, चाकं थांबतात, तरी इंजिन बंद पडत नाही. उलट त्याच क्षणी चाकांवर सगळ्यात जास्त जोर असतो. ऑपरेटर पुन्हा पुन्हा क्लच दाबत बसला असता तर संध्याकाळपर्यंत त्याचा पाय आणि क्लच दोन्ही संपले असते.

कारमध्ये मात्र आपल्याकडे २०१४ ला सेलेरिओबरोबर एएमटी आली आणि स्वस्त ऑटोमॅटिकचं दार उघडलं. एएमटी म्हणजे नेहमीचाच क्लच आणि गिअर, फक्त दाबायला माणसाऐवजी यंत्र. तेलाचं नुकसान नाही, म्हणून मायलेज चांगलं. पण घाटात, चढावर रांगेत अडकलात की फरक कळतो. टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी ब्रेक सोडला की तेलाच्या जोरावर हळूच पुढे सरकते. एएमटीला तिथे क्लच घासत राहावं लागतं. कुठलं घ्यायचं ते तुमचा रोजचा रस्ता ठरवेल.

आणि पुढे?

इलेक्ट्रिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नाही. मोटर शून्य वेगालाच पूर्ण जोर देते, मग तेलाने जोर वाढवायची गरजच काय? १९०५ साली वीज जड आणि महाग होती म्हणून फ्योटिंगर पाण्याकडे वळला. आज बॅटरी आणि मोटर स्वस्त होतायत, आणि रस्ता परत विजेकडे वळतोय.

फ्योटिंगरने १९०९ मध्येच कारखाना सोडला होता. तो आधी डान्झिगला आणि १९२४ पासून बर्लिनला प्राध्यापक होता. एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनमध्ये लढाई चालू असताना तिथेच त्याचा मृत्यू झाला. डायनाफ्लो रस्त्यावर यायला अजून तीन वर्षं होती. ज्या यंत्राने जहाजं चालावीत म्हणून तो झटला, ते पुढे कोट्यवधी कारमध्ये बसलं. ते त्याने बघितलं नाही.

तर आजच्यापुरतं एवढंच. ऑटोमॅटिक घेऊ की नको या घोळात अडकलेला एखादा मित्र असेल, तर त्याला हा भाग नक्की पाठवा. तुमच्या घरी, शेतावर किंवा कामावर तेलाच्या जोडणीवर चालणारं दुसरं एखादं यंत्र असेल तर तेही कळवा, पुढे कधीतरी त्याच्यावर बोलू. भेटूया पुढच्या भागात!